दादाच्या ताटातलं गाजर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला दवाखान्यात ड्यूटीवर होते. "ताई, तुमचे दादा ओ देऊन नाही राह्यले..." एवढंच ती बोलू शकली. मी गावी, ढाणकीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला दीड महिना झाला. रडू ओसरलं, राग ओसरत नाही.

आमच्या घरी गाजर यायचं ते हलव्यापुरतं. माझ्या या थोरल्या भावानं ते रोजच्या जेवणात आणलं. वरणात, पराठ्यात, दाण्याचं कूट घालून कोशिंबिरीत. डोळ्यांना चांगलं, पोट साफ राहतं, नीट चावून खाल्लं तर एक पोळी कमी लागते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याला साखरेचा आजार होता, तरी कच्चं गाजर खुशाल खा, असं मीच म्हटलं होतं. इन्सुलिनची सुईही तो न चुकता घेई.

मग गावात फुकट तपासणीचं शिबिर लागलं. पांढऱ्या कोटातल्या एका माणसानं माइकवर सांगितलं, सुई सोडा, दोन्ही वेळ गाजराचा रस प्या. दादाच्या चांगल्या सवयीचाच त्यानं गळ केला.

दादानं सुई सोडल्याचं कळलं तशी मी फोनवर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "सुई कायले टोचू आता? मले बरं वाटून राह्यलं."

"दादा, गाजर जेवण आहे, औषध नाही."

"तू दवाखान्यातली. तुले तेच दिसते."

मी फोन आपटला आणि आठवडाभर केला नाही. नर्स असून केला नाही... त्या आठवड्यात त्याला तहान आवरेना, उलट्या झाल्या, धाप लागली. शेजारी वहिनीला म्हणाले, "आंगातलं विष निघून राह्यलं, भिऊ नका."

तेरवीला तेच शेजारी म्हणाले, दिवस भरले होते त्याचे. दिवस नव्हते भरले. फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या कुप्या भरलेल्या होत्या. मी लेखी तक्रार दिली. कोटवाल्याचा फोन बंद आहे; तो आणखी कुठल्या गावात माइक धरून उभा असेल.

परवा वहिनीकडे जेवायला बसले. तिनं दादाच्याच किसणीवर गाजर किसलं. तो स्वतः किसायचा, बोटं सोलवटून घ्यायचा. ताटात कोशिंबीर आली आणि माझा हात थांबला.

"खा ताई," वहिनी म्हणाली. "गाजरानं काय केलं?"

मी घास घेतला. गोड लागला, आणि त्याचाही राग आला.