दसऱ्याला सुरू झालेला कॉम्प्युटर

आमच्या कोर्टात जप्त मुद्देमाल सांभाळणारे बाबू सोनाळ्याकडचे. कुऱ्हाड असो की मोबाईल, रोज सकाळी प्रत्येक वस्तूवरून फडकं फिरवणार. कुणी जवळ गेलं की लगेच, "वकीलसाहेब, हात नोका लावू."

माझ्या एका अशिलावर ऑनलाइन फसवणुकीचा खटला होता. सगळा पुरावा एका सीलबंद कॉम्प्युटरमध्ये. पण तपासणीच्या अहवालात तो जप्तीनंतर एकदा सुरू झाल्याची नोंद निघाली, तीही दसऱ्याच्या सकाळची. मी बाबूंनाच साक्षीला बोलावलं.

"सील कुणी तोडलं?"

"म्याच तोडलं साहेब."

"कशाला?"

"दसऱ्याले पूजा नाही करा लागत? अन् बंद मशीनची पूजा कशी करू? चालू केली, हळदकुंकू वाह्यलं, झेंडूचा हार घातला. मंग पह्यल्यापेक्षा पक्कं सील लावलं!"

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या पुराव्यावर कुणाचाच भरवसा उरला नाही आणि अशील सुटला.

निकालाच्या संध्याकाळी बाबूंनी मला फाटकाशी गाठलं. चेहरा फुललेला.

"निर्दोष माणूस सुटला साहेब. मशीन पावली!"

मी मान डोलावली. अशिलानं पहिल्याच भेटीत मला सगळं कबूल केलं होतं.