फरसबीची सावली

चांगुणाबाईनं उन्हाळ्याच्या तोंडावर फरसबी लावली तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं. गावाचं काय घेऊन बसलात, गाव कशालाही हसतं. पण या वेळी गावाचं चुकत नव्हतं. फरसबी हे थंडीचं पीक. ऊन चढलं की ती फुलं टाकते, आणि फूल गळाल्यावर शेंग कुठून धरणार?

पण बाईला दुसरा इलाज नव्हता. दिवाळीनंतर नवरा गेला आणि मुलगा, धम्मदीप, पुण्याहून येऊन मागे लागला. "वावर दुसऱ्याले ठोक्यानं कराले देऊन टाक माय, अन् चाल माह्यासंगं. एकटी वावरात पडली झडली तर कोणाले समजन?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर तिला जास्त चीड यायची. शेवटी ती म्हणाली, "एक पीक माह्या एकटीच्या हातचं पाह्य. आलं तर मी इथंच राहीन. नाही आलं तर मुकाट्यानं येईन तुह्यासंगं."

धम्मदीप कबूल झाला. "मी बोट नाही लावणार," तो म्हणाला, "अन् आडवाही नाही येणार."

आता विहिरीला पाणी उरलेलं जेमतेम. कापूस नाही, तूर नाही, लवकर हाती येईल असंच काहीतरी हवं होतं. झुडपी फरसबी दोन महिन्यांच्या आत तोडणीला येते. तिला वेलासारखा मांडव लागत नाही, एकट्या बाईला झेपते. चांगुणाबाईनं आधी जमीन ओलवून घेतली आणि वाफसा आल्यावर, म्हणजे ओल बेताची झाल्यावर, बी टोकलं, बोटाची दोन पेरं खोल. कोंब वर येईस्तोवर पाण्याचा थेंब दिला नाही, कारण काळ्या मातीत पाणी जास्त झालं की हे बी कुजतं. रोपं वर आल्यावर ओळींमध्ये मळणीत उरलेलं सोयाबीनचं कुटार पसरलं, म्हणजे मुळाशी गारवा राहतो. झाडं गुडघ्याला लागली, पांढरी फुलं आली, आणि मार्चातच ऊन असं पेटलं की एका सकाळी निम्मी फुलं तिला कुटारावर पडलेली दिसली.

 फुलांवर सावली धरायला हवी होती. हिरवी जाळी विकत घ्यायची ऐपत नव्हती. होत्या त्या साड्या, पण त्या कुंपणाला. या भागात वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं त्या फडफडल्या की रोही बिचकतात. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, कळपानं येतं आणि एका संध्याकाळी उभं पीक साफ करतं. गावात आणखी जुनी साडी मागावी तर ज्याच्या त्याच्या साड्या ज्याच्या त्याच्या कुंपणावर.

मग बाईनं जे केलं त्याला हिंमत म्हणा नाहीतर आगाऊपणा. रोही भर उन्हात फिरकत नाहीत, दिवस कलल्यावर येतात. म्हणून ती सकाळी कुंपणाच्या साड्या सोडायची, तुरीच्या काड्या रोवून फरसबीवर ताणायची, आणि ऊन उतरलं की परत सोडून कुंपणाला बांधायची. रोज. हाताची सालटं निघाली, पण फुलं झाडावर टिकू लागली.

धम्मदीप तिला न्यायच्या तयारीनंच सुट्टी काढून आला. वावरात येऊन त्यानं साड्यांचा हा कारभार पाहिला आणि घरी जाऊन आडवा झाला. ते तिला फार लागलं.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळीचा जोड फुटला. पाण्याविना या उन्हात फुलं एक दिवस तगली नसती. दुपारी ती धाडच्या बाजाराला गेली, जोड घेतला आणि जीपच्या अड्ड्यावर आली तेव्हा दिवस चांगला वर होता. एसटी निघून गेली होती. काळीपिवळी उभी होती, पण भरल्याशिवाय ती हलते थोडीच.

"चाल ना भाऊ," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"बसा मावशी, सवाऱ्या येऊन राह्यल्या."

कसल्या येतात. एक जण यायचा, दुसरा कंटाळून उतरायचा. समोरच्या दुकानाची सावली रस्ता ओलांडून जीपच्या चाकाला लागली तशी तिला वावराची काळजी लागली. फरसबीवर साड्या आणि कुंपण उघडं. शेजारच्या वावरातल्या रेणुकाला फोन केला, तर ती लग्नाला जानेफळला गेलेली. राहिला धम्मदीप. ज्याला पीक बुडायला हवं त्यालाच ते वाचव म्हणून सांगायचं? कितीतरी वेळ तिनं फोन नुसता मुठीत धरला. मग लाज गिळून लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, नुसताच वाजत राहिला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तो खाटेवर पडून फोनकडे पाहतोय असंच उभं राहिलं.

जीप निघाली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. वाटभर ती पोटच्या पोराला मनातल्या मनात नाही नाही ते बोलली. लेकरू म्हणून वाढवला आणि हा आपल्या वाइटावर टपलाय, असंही बोलून झालं. फाट्यावर उतरून ती वहाणा हातात घेऊन धावली.

कुंपणाला साड्या बांधलेल्या होत्या. गाठी वेड्यावाकड्या, पण चारी बाजूंनी. आणि धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, धम्मदीप बसला होता, दुमडलेल्या पँटीखाली पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, पुण्याचा शर्ट घामानं चिंब. तिला एवढं बरं वाटलं की हातातल्या वहाणा तिनं तिथंच टाकल्या. मग तिचं लक्ष कडेला गेलं. तिकडच्या दोन ओळी बुडख्यापर्यंत खाल्लेल्या होत्या.

"फोन काऊन नाही उचलला?"

"घरी राह्यला."

"अन् हे? रोही आले तवा तू कुठं होता?"

"इथंच होतो." त्यानं मान वर केली नाही. "तू आली नाही म्हणून पाह्याले आलो, तर ते घुसून राह्यले होते. म्या हाकललं नाही, माय. उभा राह्यलो. म्हटलं, खाऊ द्या. खाल्लं का माय येते पुण्याले."

तिचा हात उगारायला शिवशिवला. पोर खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

"मग काऊन हाकललं?"

"तू आल्यावर काय करशील ते दिसलं मले. तू रडली नसती. बोलली नसती. शब्द देला म्हणून निस्ती बॅग भरली असती. अन् तिकडं खिडकीत बसली असती रोज." तो उठला, हाताला लागलेली माती पँटीला पुसली. "मले तसली माय न्याची नाही."

 पदरातला नळीचा जोड काढून ती नुसतीच हातात फिरवत राहिली.

"अजून शेंग धरली नाही," ती कशीबशी म्हणाली. "पीक आलं असं कसं म्हणावं?"

"माह्या लेखी आलं. मी उद्या जातो."

त्यानं तिच्या हातून जोड घेतला आणि नळी बसवायला खाली वाकला. बोट लावणार नाही म्हणाला होता, तो विषय तिनंही काढला नाही आणि त्यानंही नाही. ती त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत उभी राहिली. आता तिला न्यायला कुणी येणार नव्हतं. तिनं हेच तर मागितलं होतं.