पत्र्याला सॉरी म्हणणारे भाऊजी

पत्र्यावर ओरखडा गेला की भाऊजी त्यावरून अंगठा फिरवत आणि हलकेच म्हणत, "सॉरी हं." एखाद्या माणसाला म्हणावं तसं. मग ड्रिल उचलून चूक काढायला बसत.

तुम्ही दोघा नातवंडांनी त्यांना पाहिलं आहे. आमच्याच मजल्यावर, समोरचं दार. मागच्या खेपेला आलात तेव्हा लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या पिशवीतली पडवळं बाहेर काढून तुम्हाला विमानाचा पंख कसा वाकतो ते दाखवलं होतं. घरात आल्यावर तुम्ही मला विचारलंत, हे आजोबा खरंच विमान बांधतात की गंमत करतात?

खरंच बांधत होते. अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आनंदनगरच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला, परदेशातून अल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पेट्या मागवल्या आणि दोन माणसं बसतील एवढं विमान जोडायला घेतलं. शेजारच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनत. तिथले कामगार डबा खाऊन झाला की येऊन बघत बसायचे. ड्रिलची टोकं आणायला भाऊजी उल्हासनगरला जात, तिथला सिंधी दुकानदार त्यांना म्हणे, "साईं, जहाज उडेगा तो मुझे शहाड तक छोड़ देना." भाऊजी गंभीरपणे सांगत, शहाडला उतरायला जागा नाही.

विमानाचे पत्रे रिव्हेटने जोडतात. रिव्हेट म्हणजे मऊ धातूचा, बोथट खिळ्यासारखा तुकडा. तो भोकात घालायचा, बाहेरून एकाने त्याच्या डोक्यावर हवेच्या दाबाने ठोके मारणारी गन चालवायची आणि आतून दुसऱ्याने त्याच्या टोकाला जड लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. म्हणजे टोक ठोकळ्यावर चेपून चपटं बसतं. ठोकळा तिरका झाला तर टोक आडवं पडतं, आणि ते रिव्हेट ड्रिलने पोखरून काढावं लागतं. हे एकट्याचं काम नाही. गन भाऊजींच्या हातात असे आणि आतला ठोकळा त्यांच्या पत्नीच्या, सुनंदाच्या.

सुनंदाने शिवमंदिराजवळ कित्येक वर्षं शिवणाचा क्लास चालवला. अंबरनाथमधल्या निम्म्या मुलींना ब्लाउजची बाही बसवायला तिने शिकवलं असेल. तिचा हात लहान आणि स्थिर, शेपटीच्या अरुंद भागातही सहज जायचा.

एका दुपारी शेपटीची एक ओळ सगळीच बिघडली. एकामागून एक टोकं आडवी. मी त्या दिवशी थर्मासमधून चहा घेऊन गेले होते. झाकणवाले कामगार दारात उभे होते. भाऊजी एकेक रिव्हेट काढत होते, पत्र्याला सॉरी म्हणत होते, आणि मग एकदम चढ्या आवाजात बायकोला म्हणाले, "तुझा हात थरथरतो. वय झालं तुझं. तू घरी बसत जा."

सुनंदाने ठोकळा खाली ठेवला, हात पुसले आणि रिक्षा करून घरी गेली. भांडण नाही, रडणं नाही. पुन्हा मात्र ती गाळ्यावर आली नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊजींनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही धराल का?" माझाही हात लहान आहे. मी हो म्हटलं. तुमचे आजोबा गेल्यापासून माझ्या दुपारी फार लांब झाल्या होत्या, आणि खरं सांगते, मला ते काम आवडलं. ठोकळ्यातून हाताला बसणारे हादरे, नंतर बोटांना जाणवणारं गुळगुळीत टोक. पण संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर आले की समोरच्या दाराकडे बघवत नसे. मी तिच्या स्टुलावर बसून येत होते.

मग माझ्याही हातून टोकं आडवी पडू लागली. त्याच भागात, त्याच बाजूला. मी म्हटलं, माझाही हात थरथरत असेल. भाऊजींनी डबीतलं एक रिव्हेट काढून मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तसेच खाली लादीवर बसले. रिव्हेट लांब होतं. त्या जाडीच्या पत्र्याला एक माप कमी हवं होतं. लांब रिव्हेट कोणीही धरलं तरी वाकणारच. डबी त्यांनीच निवडली होती.

"आता हिला काय सांगू?" ते म्हणाले.

त्यांनी काय केलं, ते सुनंदाने मला नंतर सांगितलं. रात्री जेवताना तिच्या ताटाशेजारी ते रिव्हेट ठेवलं, मोजमापाचं यंत्र आणलं, आणि ते किती लांब आहे, किती हवं होतं, लांबी जास्त झाली की वाकतं का, हे सगळं व्यवस्थित समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. भाजी वाढू?"

मला तिची बाजू कळत होती, तरी मी मध्यस्थी करायला गेले. म्हटलं, अगं, चूक कळली त्यांना. ती शिवणाच्या मशीनमध्ये दोरा ओवत होती. पहिल्या खेपेत ओवला, चष्मा न लावता.

"रिव्हेट चुकीचं होतं हे त्यांना कळलं," ती म्हणाली. "मी चुकीची नव्हते, असं कुठे म्हणाले? पत्र्याला तर रोज सॉरी म्हणतात. आणि बोलले ते चार माणसांसमोर."

हे मी भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. पत्र्यातली प्रत्येक चूक काढायची रीत त्यांना ठाऊक होती. भोक मोठं झालं तर एक माप जाड रिव्हेट घालायचं, तेही नाही जमलं तर ठिगळ लावायचं. शेपटीची ती ओळ त्यांनी मोकळी केली, नवी योग्य रिव्हेटं आणून ठेवली आणि मला म्हणाले, "वहिनी, एवढी ओळ तुम्ही नको." मी स्टुलावरून उठले. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

श्रावणात झाकणांच्या गाळ्यात सत्यनारायण असतो. मशीनं बंद, दाराला आंब्याचे डहाळे, सगळे आंघोळ करून आलेले. सुनंदा दरवर्षी प्रसादाचा शिरा करून देते, त्यामुळे ती आली होती. आरती झाली आणि सगळे द्रोण घेऊन उभे असताना भाऊजी एकदम बोलायला लागले. आवाज मीटिंगमधल्यासारखा होता, पण हातातला द्रोण तिरका होऊन शिरा सांडत होता.

"त्या दिवशी मी हिला तुमच्यासमोर बोललो. हिचा हात थरथरतो म्हणालो. हिचा हात हलला नव्हता. चूक माझी होती, आणि बोललो तेही चूक."

कामगार गोंधळले. एकाने "होता है साहब" म्हटलं. सुनंदाने त्यांच्या हातातला द्रोण सरळ केला आणि म्हणाली, "खा. गार होतोय."

भाऊजी या दिवाळीनंतर गेले. विमान उडालं नाही. परवानग्या राहिल्या, इंजिन यायचं राहिलं. त्यांच्या मुलाने ते एका इंजिनिअरिंग कॉलेजला देऊन टाकलं, मुलं त्यावर शिकतात म्हणे. तुम्ही फोनवर विचारलंत, आजोबांना फार वाईट वाटलं असेल ना. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते.

श्रावणातल्या त्या पूजेनंतरच्या रविवारी सुनंदा रिक्षाने गाळ्यावर आली. भाऊजींनी तिच्यापुढे ठोकळा धरला नाही, गन धरली. मग पोटावर सरपटत स्वतः शेपटीत शिरले. बाहेर फक्त त्यांचे मोजे दिसत होते, एकाला भोक पडलेलं. मी उजेडासाठी बॅटरी धरून होते, त्यामुळे आतलं मला स्पष्ट दिसत होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा गन चालवली. गन रिव्हेटच्या डोक्यावरून घसरली आणि टोक आडवं पडलं. आतला ठोकळा तसूभर हलला नव्हता.

"माझा ठोकळा हलला," आतून आवाज आला.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरीकडे पाहिलं.

"हो का," ती म्हणाली, आणि ड्रिल उचललं. "मग तसेच पडून राहा. मी काढते."