बर्फाबद्दल माझी जबानी

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तिची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही, कारण तेव्हा मी रिटायर होऊन कतारात, दोह्याच्या नजमा वस्तीत, मुलाकडे राहत होतो. पण तपास मीच केला. सातवी शिकलेला शिपाई रायगडात सहायक फौजदार होतो, तो उगाच नाही.

आमच्या तालुक्यातले, इथे कामाला आलेले सहा जण डिसेंबरच्या सुट्टीत जॉर्जियाला बर्फ बघायला गेले. परत आले पाच. सहावा बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणारा क्रेन ऑपरेटर. उतार चढताना अख्खा बर्फ सुटला आणि त्याला घेऊन गेला.

त्याचा थोरला भाऊ माझ्याकडे आला.

"चाचा, तिथल्या ड्रायव्हरचा फोन आलेला. हॉटेलात धोक्याचा कागद लावलेला म्हणे. त्याने अडवलं तरी हे वर गेले. कोणाच्या सांगण्यावरून गेले, एवढं कळू दे. आई रोज विचारते."

खबर पक्की होती. सहल नेणारा आमच्याच गल्लीतल्या दुकानातला सेल्समन. दुसऱ्या दुपारी त्याला कॅफेटेरियात बसवला. पाठ भिंतीला, तोंड उजेडाकडे. करक चहा मागवला. मनात पाप असलेला माणूस गरम चहासुद्धा घटाघट पितो. याने कपाला हात लावला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"कागद वाचलास?"

"वाचला, चाचा."

"ड्रायव्हर काय बोलला?"

"आधी पडलेला बर्फ खाली साखरेसारखा सुटा झालाय. त्यावर नवा बसलाय, तो धरलेला नाही. माणसाच्या वजनाने सुटेल."

"मग तू काय म्हणालास?"

"आमचे चाचा पोलिसात होते, त्यांना विचारतो."

"माझं नाव मध्ये आणू नकोस!"

त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि मेसेज लावला. आवाज माझा. त्या सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, मी साफ विसरलो होतो.

"अरे, तीस वर्षं दरडींचा बंदोबस्त केलाय मी. डोंगर सुटतो तो पाणी मुरल्यावर, जुलै-ऑगस्टात. बर्फाचंही तसंच, वितळायला लागला की. आता तर कुठे थंडीची सुरुवात आहे. भित्र्यांनो, जा बिनधास्त. यल्ला!"

"जो गेला, तो नको म्हणत होता, चाचा. हे ऐकलं आणि सगळ्यांच्या पुढे झाला."

"अक्कल गहाण टाकलेली काय तुम्ही?" मी ओरडलो. लोक वळून बघायला लागले. समोरचा शांत आणि आपण ओरडतोय, म्हणजे आरोपी कोण ते ठरलेलं असतं.

भावाला बोलावून तेच ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं.

"चाचा, तुम्ही बर्फ बघितलाय कधी?"

"नाही."

तो उठला आणि सलाम न करता गेला.

साक्षीदाराला पहिला प्रश्न असतो, स्वतः पाहिलंस की ऐकीव? नोकरीत मी तो शेकडो लोकांना विचारला. मला कोणी विचारला नाही आणि मला तेच आवडायचं. वर्दी उतरली तरी माझा शब्द चालतो, याचा माज होता. कोर्टाने माझी ती जबानी पहिल्या तारखेलाच फेकून दिली असती. आमच्या माणसांनी नाही फेकली.

भावाने आईला कोणाचं नाव सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.