जुनी भोकं

साताऱ्याहून आलेला नवा डॉक्टर ऋषिराज सांगलीच्या बालरुग्ण विभागात सलाईन लावायला शिकत होता. सरावाच्या रबरी बाळाच्या हातात त्याची सुई सलग तिसऱ्यांदा पहिल्याच टोचणीत लागली.

"सिस्टर, करा सराव पूर्ण झाल्याची सही. उद्यापासून वॉर्डात."

शकुंतला सिस्टर वैतागल्या. "आवं डॉक्टर, तुमी शीर कुठं शोधताय? जुनी भोकं शोधताय!"

सरावासाठी नवा रबरी हात मागून दोन वर्षं झाली होती, तो आलाच नव्हता. तोवर प्रत्येक तुकडी त्याच भोकांतून पास होऊन वॉर्डात गेली होती.

सिस्टरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्या हातावर घट्ट चढवला.

"आता बोटानं चाचपा अन् लावा."

पाच वेळा सुई चुकली.

सिस्टरांनी सहीचा कागद खिशात घातला आणि ट्यूबचा दुसरा, बिनभोकांचा तुकडा कापायला घेतला.