सहादूचं पथ्य

सहादू १९९७ साली पेंढ्याच्या उडवीवरून पाठीवर पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. पायाला सुई टोचली तरी कळायचं नाही, पण त्याच पायांत रात्रंदिवस आग व्हायची. मी तेव्हा इगतपुरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. मेलेले पाय कसे दुखतील, असं मी त्याला तोंडावर म्हणालो होतो. आपल्याला बरंच कळतं असा माझा तेव्हा समज होता.

लघवीच्या नळीमुळे त्याला वरचेवर ताप यायचा. कॅप्सूल मी नेऊन द्यायचो आणि वर पथ्य सांगायचो: आंबट बंद, आंबील तर नकोच. डॉक्टर पथ्याचं काही बोलत नसत. पण पथ्य सांगितल्याशिवाय मला औषध दिल्यासारखं वाटत नसे आणि पेशंटलाही घेतल्यासारखं वाटत नसे. त्याची बायको झुंबरबाई रोज नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आंबवून आंबील करायची. माझं ऐकून तिनं आंबिलीचं मडकं पालथं घातलं.

कॅप्सूल घेतल्या की ताप उतरायचा, पोट बिघडायचं आणि पायांची आग दुपटीनं वाढायची. मग महिनाभर ती कमी होत नसे.

"भाऊ, पोटाचा न् पायांचा काय संबंध हाय का?" त्यानं एकदा विचारलं. "आंबील प्यायचो तव्हा आग एवढी नसायची."

"डॉक्टर तू की मी?" मी म्हणालो. खरं तर दोघंही नव्हतो.

एकदा आग सोसेना म्हणून त्यानं कॅप्सूलच थांबवल्या. ताप डोक्यात गेला, जेमतेम वाचला. त्यानंतर मी पथ्य आणखी कडक केलं.

२००८ साली आमच्याकडे नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या त्याच्या घरी गेल्या, खाटेजवळ बसून सगळं ऐकून घेतलं.

"कॅप्सूल लागतातच," त्या म्हणाल्या. "पण त्या आतड्यातले चांगले जंतूही मारतात. त्याचा या आगीशी संबंध असेलही, मला खात्रीनं सांगता येणार नाही. पण आंबवलेली आंबील त्या जंतूंना चांगलीच, ती का सोडली? कोणी सांगितलं?"

मी औषधांची पिशवी धरून शेजारीच उभा होतो. झुंबरबाईनं माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाय," सहादू म्हणाला. "मलाच नको वाटायची."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी मी गप्प राहिलो. बाईंनी कागदावर तसंच लिहून घेतलं.