दंडवाली माय

दर वर्षी खरिपाची पेरणी आटोपली की दंडवाली माय तलाठ्याकडे जाई आणि आपल्याला दंड लावा म्हणून सांगे. त्याने टाळाटाळ केली तर दारातच बसून राही.

राणीसावरगावच्या बाजूला एका लहान गावात ती चार एकर गायरान कसत होती. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. तिथे पेरणे हे अतिक्रमण, आणि अतिक्रमणाला दंड. पण सलग वर्षांचा कब्जा दाखवता आला तर अशी जमीन नावावर होऊ शकते आणि दंडाची पावती हा त्या कब्ज्याचा पुरावा ठरतो, हे तिने तालुक्याच्या एका बैठकीत ऐकले होते. तिच्या घराण्यात आजवर कोणाच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. नवऱ्याबरोबर दगड वेचून तिने तो माळ पेरता केला होता आणि नवरा गेल्यावर एकटीने राखला होता.

"लोक दंड चुकवायला पळतात, आन तुमी मागं लागता," एक तलाठी म्हणाला.

"लोकांकडं सातबारा हाय, साहेब. माज्याकडं तुमचा दंडच हाय."

तिला वाचता येत नव्हते. पावत्या ती खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवी आणि पिकांवरून ओळखे: ही जवारीची, ही तुरीची. पंचनाम्याला पंच मिळत नाहीत असे तलाठ्याने म्हणू नये, म्हणून दोन पंचही स्वतःच सोबत नेई.

मी तेव्हा परभणीच्या एका दैनिकात होतो. त्या गावच्या दंडाची माहिती हाती आली आणि मी तिला न भेटताच बातमी दिली: 'भूमिहीन विधवेवर दंडाचा बडगा'. बातमी पहिल्या पानावर लागली.

पुढच्या वर्षी मुगाच्या शेंगा घेऊन ती आमच्या कार्यालयात आली. शेंगा टेबलावर ओतून म्हणाली, "लय चांगलं लिवलंस, बाबा. पर माजं वरीस गेलं."

मला उलगडा होईना. तिने सांगितले, "नवा तलाठी हाय. म्हणतो, माय, तुमाला दंड लावून मी पेपरात येऊ का? लय पाया पडले. ऐकंना."

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. गरीब बाईला त्रास नको म्हणून आपण दंड लावला नाही, असे तो म्हणाला. खरोखर चांगल्या मनाने म्हणाला. त्या वर्षीचा पंचनामा झालाच नाही.

काही वर्षांनी तिच्या दाव्याची सुनावणी झाली, तेव्हा मीही गेलो होतो. अधिकाऱ्याने पावत्या ओळीने लावल्या आणि एका जागी बोट ठेवले. "मावशी, या वर्षी जमीन पडीक होती का?"

"पडीक कशी असंल? जवारी कमरंएवढी व्हती. साहेबानं दंड न्हाई लावला, त्यात जमिनीचा काय दोस?"

कब्जा सलग नाही, असा शेरा पडला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्या तलाठ्याला वाटलं, आपुन दया केली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुलाबी तसंच वाटलं आसंल." आवाजात राग नव्हता.

तिने अपील केले. त्याचा निकाल लागण्याआधीच ती गेली. जमीन आता मुलगा कसतो. प्रकरण अजून प्रलंबित आहे.

अतिक्रमणाच्या दंडाची माहिती आजही हाती येते. आता मी आधी त्या गावी जातो आणि ज्याला दंड झाला त्यालाच विचारतो, बातमी देऊ का. बहुतेक जण नको म्हणतात.